होडी किनाऱ्याला, पोर कडेवर

दरवर्षी १ जूनला मासेमारी बंदी लागली की रेवस-बोडणीच्या पट्ट्यात दोन गोष्टी किनाऱ्याला लागतात : होड्या आणि बाप. होडीचं काय करायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं. बापाचं काय करायचं हे मात्र कुणीच नीट ठरवलेलं नसतं. बायको बंदीतही घरी बसत नाही. सुकट, जवळा, सोडे, सुके बोंबील पाटीत भरून ती चोंढी, पोयनाड, अलिबागचा बाजार गाठते. काही जणी लाँचने भाऊच्या धक्क्याला जातात. मागे उरतं अडीच-तीन वर्षांचं पोर, कधी सोबत आठ महिन्यांचं बाळ, आणि एरवी अंधारात निघून जाणारा त्यांचा बाप. मग दरवर्षी त्याच शंका निघतात. बाळाला कधी आणि किती भरवायचं? लसीचं कार्ड कुठे असतं? अंगणवाडीचा आहार बापाच्या हाती देतात का? आणि चारचौघांत न विचारला जाणारा एक प्रश्न : हे सगळं मी का करायचं? खालचं मार्गदर्शन मुख्यतः बंदीतल्या बापांसाठी आहे. बायको शिक्षिका किंवा नर्स आहे आणि तुम्ही बाराही महिने घर सांभाळता, तरी त्यातलं बहुतेक तुम्हालाही लागू पडेल.

पहिली सूचना : मदत करू नका

चमत्कारिक वाटेल, पण घरात बसलेल्या बापाची निम्मी फजिती ‘मदत’ या धोरणातून होते. मदत करणारा माणूस हुकमाची वाट बघतो. बाळाचं दुपटं बदलायला सांगितलं की बदलतो, पण दुपटी संपत आलीत हे त्याच्या लक्षात येत नाही, कारण ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं. होडीवर असा खलाशी चालतो, कारण डोक्यावर तांडेल असतो. घरचा तांडेल पोयनाडच्या बाजारात बसलेला असतो आणि त्याला दर वीस मिनिटांनी फोन येतो : साखर कुठे आहे, हा रडतोय का, हिची चड्डी कुठली. गिऱ्हाईक हातचं जातं आणि संध्याकाळी घरी आल्यावर ऐकायला मिळतं, ‘दिवसभर पोरं मीच सांभाळली.’ सांभाळली खरी, पण रिमोट बाजारात होता.

आकडे बघितले तर ही गोष्ट केवळ विनोदाची राहत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत रोजच्या बिनपगारी घरकामाला हात लावणाऱ्या बायका ८१ टक्के होत्या आणि पुरुष २६ टक्के. जे हात लावत होते त्यांच्यातही बाईची रोजची सरासरी २९९ मिनिटं होती आणि पुरुषाची ९७. २०२४ च्या पाहणीत १५ ते ५९ वयोगटातल्या ज्या स्त्री-पुरुषांनी घरच्या माणसांची देखभाल केली, त्यांत बायकांची सरासरी १४० मिनिटं आणि पुरुषांची ७४ मिनिटं निघाली. अशा पाहणीत हातांचं काम मोजलं जातं. लक्षात ठेवणं, आधी ओळखणं, ठरवणं हे काम पाटी डोक्यावर घेऊन चालतानाही सुरू असतं आणि त्याची मिनिटं कुठल्याच तक्त्यात वेगळी लिहिली जात नाहीत. तेव्हा हवाली करायचं ते हे काम. म्हणजे घर निम्मंनिम्मं वाटून घ्यायचं असं नाही. घ्यायची ती जबाबदारी कमी असली तरी चालेल, पण ती आठवणीसकट, पूर्ण घ्यायची.

‘बाप घरी असला की आपोआप शिकतो’ असं कुणी म्हणेल. याचा पडताळा स्वीडनने घेऊन ठेवला आहे. तिथे १९७४ पासून पालक-रजा आई-बाप दोघांनाही मिळते. १९९५ साली त्यातला एक महिना बापासाठी राखून ठेवला आणि आता ४८० दिवसांतले ९० दिवस प्रत्येक पालकासाठी राखीव आहेत. १९९५ नंतर रजा घेणारे बाप झपाट्याने वाढले. पण पुढे संशोधकांनी तपासलं की हेच बाप नंतर मूल आजारी पडल्यावर जास्त रजा घेतात का, तर तसा फरक दिसला नाही. घरी राहण्याचे दिवस मिळाले, पण सवय लागली नाही. जे काम तिथे संसदेने केलं ते आपल्याकडे पावसाळी समुद्राने आणि मत्स्यव्यवसाय खात्याने मिळून केलं आहे : ६१ दिवस, बापासाठी राखीव, बिनपगारी. नुसतं घरी असण्याने भागत नाही, हा धडा तेवढा फुकट मिळतोय तो घ्या.

बंदीच्या आधी : तोंडी नको, हवाली करा

मे संपायच्या आत दोघांनी एकदा बसून पुढच्या कामांपैकी कुठली पूर्णपणे बापाकडे जातील ते ठरवा. सगळी एकदम घेऊ नका; पहिल्याच आठवड्यात नाकी नऊ येऊन सगळी परत दिली जातात.

- लसीकरण. माता व बाल संरक्षण कार्ड तुमच्या ताब्यात. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत; डीपीटीचा बूस्टरही त्याच वेळी आणि दुसरा ५ ते ६ वर्षांत. गावातल्या लसीकरणाच्या दिवसाची तारीख आशाताईंना तुम्ही विचारायची, बायकोने नव्हे.
- शाळा. शाळा जूनच्या मध्याला उघडते, म्हणजे ऐन बंदीत. दाखला, गणवेश, दप्तर, रेनकोट, पालकसभा हे सगळं तेव्हाच येतं.
- कपडे. जुलैत दुपटं सुकत नाही आणि बाळ थांबत नाही. एरवीच्या दुप्पट कापडं लागतील असं धरा, घरात दोरी बांधा. ओलसर दुपट्याने अंगावर चट्टे उठतात, तेव्हा ‘जवळजवळ सुकलंय’ हा प्रकार बंद.
- एका वेळचं जेवण. रोज तेच, उदाहरणार्थ दुपारचं. काय करायचं, सामान आहे का, उरलं तर काय, हे सगळं तुमच्याकडे.

एक अट आईसाठीही आहे. जे काम दिलं त्यात पुन्हा हात घालू नका. पोराला उलटा सदरा घालून अंगणवाडीत पाठवलं, तर सदरा उलटा राहू द्या. त्याने कुणी आजारी पडत नाही. सुधारणा करत बसलात तर महिन्याभरात काम तुमच्याकडे परत येईल आणि ‘मी करत होतो, हिलाच पटत नव्हतं’ हे वाक्य बापाला कायमचं मिळेल.

भरवणं, आणि संध्याकाळची लाँच

पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. बापाचा सर्वांत आवडता बचाव इथेच असतो : ‘पाजणं माझ्या हातात नाही.’ खरं आहे. पण पाजणं सोडून बाकीचं सगळं हातात आहे : ढेकर काढणं, झोपवणं, पुसणं, रात्री उठून बाळ आईजवळ आणून देणं. आई कामावर जाताना दूध काढून ठेवत असेल तर ते स्वच्छ झाकणाच्या भांड्यात, बाहेर फार तर चार तास, आणि जूनच्या उकाड्यात त्याहून कमी. फ्रीजमध्ये चार दिवस. पाजायचं ते वाटी-चमच्याने. बाटली धुणं वाटतं तितकं सोपं नाही आणि पावसाळ्यात जुलाब बहुतेक तिच्याच तोंडातून शिरतात.

सहा महिन्यांनंतर आईच्या दुधासोबत वरचं जेवण : ६ ते ८ महिन्यांत दिवसातून दोन-तीनदा, ९ महिन्यांनंतर तीन-चारदा आणि मध्ये एखादा खाऊ. मऊ भात-वरण, नाचणीचं सत्त्व, कुस्करलेलं केळं, काटा न काटा काढलेला ताजा मासा. मासेमारांच्या घरात मासा बाळाला उशिरा देण्याचं काही कारण नाही. सुकं मात्र लहानग्याला नको, त्यात मीठ फार असतं. मध एक वर्षाच्या आत अजिबात नाही, चाटवायचा म्हणूनसुद्धा नाही.

आता रेवसची खास अडचण. बंदरात गाळ साचलेला असल्याने ओहोटीला लाँच धक्क्याला लागायला त्रास होतो. म्हणजे आईची घरी यायची वेळ घड्याळापेक्षा पंचांगावर ठरते. दर्यावर्दी माणसाला तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते हे सांगायला नको : अष्टमीला सहाच्या सुमारास, पुनवेला-अवसेला सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास. त्याचाच उपयोग बाळासाठी करा. अष्टमीच्या आसपास संध्याकाळी भरती असते, आई वेळेवर येईल असं धरून चाला. पुनव-अवसेला संध्याकाळी सहाला ओहोटी असते, आणि ती उधाणाची म्हणून पाणी खूप आत जातं. त्या दोन-तीन दिवसांत एका वेळचं जास्तीचं खाणं आणि अंधार पडेपर्यंत पुरेल इतका धीर तयार ठेवा. जाळं टाकायला तिथी बघणाऱ्या माणसाला खिमटीसाठी ती बघणं जड जाऊ नये.

पडवीत काय काय पडलेलं असतं

बंदीत बाप घरी असतो, पण त्याचा कारखानाही घरी आलेला असतो. जाळी शिवायला पडवीत, इंजिनाचे भाग ओसरीवर, डिझेल कोपऱ्यात. ‘मी इथेच बसलोय की’ हे वाक्य खरं असतं, पण डोळे जाळ्याच्या गाठीवर असतात. दोन्ही कामं एका वेळी करू नका : शिवणकाम पोर झोपल्यावर किंवा घरातलं दुसरं मोठं माणूस पोराजवळ असताना. जाळ्याला लावायचे शिशाचे तुकडे पोरं तोंडात घालतात. शिसं वाढत्या मेंदूला अपाय करतं आणि तो अपाय त्या दिवशी दिसत नाही. ते झाकणाच्या डब्यात, उंचावर. गळ आणि सुया तशाच. डिझेल, रॉकेल पाण्याच्या जुन्या बाटलीत कधीही भरू नका. पोराने चुकून प्यायलंच तर उलटी काढायला जाऊ नका. गिळलेलं तेल उलटीसोबत फुप्फुसात उतरतं आणि खरा धोका तोच असतो. सरळ दवाखाना.

पाण्याची टंचाई असलेल्या गावांत घरोघरी पिंपं आणि बादल्या भरून ठेवलेल्या असतात. नुकतं चालायला लागलेलं मूल बादलीत डोकावलं की डोक्याच्या भाराने आत जातं आणि त्याला स्वतःला वर काढता येत नाही. आवाजही होत नाही. समुद्राची भीती घातलेली पोरं मोरीत बुडतात, हे लक्षात असू द्या. पिंपाला घट्ट झाकण, रिकामी बादली पालथी.

पावसाळ्यात साप-विंचू घरात येतात. विंचवाच्या बाबतीत रायगडला एक गोष्ट अभिमानाने सांगता येते : लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध कसं काम करतं ते महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवलं, त्याआधी बरीच मुलं दगावत. पण औषध वेळेत मिळालं तरच. दंशानंतर घाम सुटला, हातपाय गार पडले, उलट्या झाल्या तर मांत्रिक, कांदा, चुना यांत एक मिनिटही घालवू नका. साप चावला तर करकचून बांधणं, चिरणं, चोखणं नको. अवयव हलू न देता उचलून न्या. रुग्णवाहिकेसाठी १०८.

आजारपण : थांबायचं कधी, निघायचं कधी

रेवसहून अलिबागचं जिल्हा रुग्णालय वीस-पंचवीस किलोमीटरवर, आणि पावसातला रस्ता. म्हणून ‘तिला येऊ दे, मग बघू’ हा निर्णय सगळ्यात महाग पडतो. जुलाब लागले की पहिल्या जुलाबापासून ओआरएस सुरू करा : एक पाकीट, एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, कमी पाण्यात दाट करायचं नाही. सोबत झिंकची गोळी १४ दिवस, जुलाब थांबले तरी. ही दोन्ही आशाताईंकडे आणि आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. आईचं दूध आणि जेवण बंद करायचं नाही.

खालीलपैकी काहीही दिसलं तर बायकोला फोन रिक्षात बसल्यावर करा :

- मूल काहीच पीत नाही किंवा प्यायलेलं सगळं उलटून काढतं
- सुस्त पडलंय, हाका मारूनही नीट जागं होत नाही
- झटका आला
- श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो
- श्वास जोरात आहे : २ महिने ते १ वर्षापर्यंत मिनिटाला ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त

श्वास मूल शांत असताना, पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजायचा. होडीच्या इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगणाऱ्या माणसाला हे अवघड नाही, फक्त कुणी शिकवलेलं नसतं.

कागद आणि हक्क

कायद्याने बापाला दिलेल्या गोष्टी थोड्या आहेत, तरी त्या माहीत असाव्यात. नोकरदार आईला २०१७ पासून २६ आठवड्यांपर्यंत भरपगारी रजा आहे. खासगी नोकरीतल्या बापासाठी असा केंद्रीय कायदा नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला दोनपेक्षा कमी मुलं असताना १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते, ती बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत घ्यावी लागते. महाराष्ट्र शासनाची १८० दिवसांची बालसंगोपन रजा पुरुषाला मिळते ती पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल तरच. सरकारच्या लेखी बाप पोर सांभाळतो तो दुसरं कुणी उरलं नाही म्हणून. मासेमाराला यातलं काहीच नाही, त्याची रजा समुद्राकडून.

अंगणवाडीत सहा महिने ते सहा वर्षांचं मूल हे लाभार्थी असतं आणि आहार त्याच्या नावावर येतो. तीन वर्षांखालच्या मुलाचा आहार घरी न्यायचा असतो, आणि आता तो देताना चेहरा पडताळला जातो. नोंद फक्त आईची असेल तर तुम्ही पिशवी हलवत परत याल. सेविकांशी आधीच बोलून ठेवा. महिन्याचं वजन तुमच्यासमोर करून घ्या आणि आकडा कार्डावर उतरवून घ्या. शाळा व्यवस्थापन समितीत शिक्षण हक्क कायद्यानुसार तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यात बापाला मज्जाव नाही. एकूण निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात, त्या भरायच्या म्हणून बायकोला पाठवून स्वतः सुटका करून घेऊ नका. जन्माची नोंद २१ दिवसांत करा. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या नावाची नोंद राज्याच्या सरकारी कागदपत्रांत मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशा क्रमाने होते. मुलाच्या नावाला लागून असलेली जागा तुमची राहिलेली नाही; अर्ज भरताना गोंधळ नको.

‘पण…’

‘घरात आजी आहे.’ आहे, आणि तिची स्वतःची पोरं वाढवून झाली आहेत. बाप घरात असताना आजीने पोर कडेवर घेऊन फिरायचं, तर हे ६१ दिवस बापाचे नव्हेत, आजीचे. तिला विचारा, तिच्याकडून मालिश शिका, अंगाई शिका. पाळी मात्र तुमची.

‘बंदीतही कामं असतात.’ असतात, होडीची डागडुजी, रंग, इंजिन कुणी चेष्टेवारी नेत नाही. पण बाजाराला जाणारीचीही असतात, आणि ती पाटी उचलायच्या आधी पोराला आंघोळ घालून जाते. दिवसाचे ठरावीक तास होडीला द्या आणि ते आधी सांगा. ‘जरा धक्क्यावर जाऊन येतो’ म्हणजे किती, हे आजवर कुणालाही मोजता आलेलं नाही.

‘लोक हसतात.’ हसतील. पाण्याच्या रांगेत पोर कडेवर घेतलेला बाप दिसला की पहिल्या आठवड्यात कोटी होणारच. यावर उपाय शोधत बसू नका. ज्या वाडीत बाई लिलावात बोली लावते, हिशोब ठेवते, घर चालवते आणि ते कुणाला खटकत नाही, तिथे पुरुषाने बाळ पुसलं तर फार काळ हसू टिकत नाही. दुसरा कुणीतरी बाप रांगेत येतो आणि विषय बदलतो.

‘ऑगस्टमध्ये परत जायचंच आहे, मग हा खटाटोप कशाला?’ हा आक्षेप खरा वजनदार आहे, आणि स्वीडनचा दाखलाही त्याच्याच बाजूने जातो. म्हणून १ ऑगस्टला सगळं परत देऊ नका. स्वयंपाक, दुपटी, अंगणवाडीची ने-आण ही कामं होडी सुटली की तुमच्या हातून जाणारच. पण तारखा लक्षात ठेवणं समुद्रावरूनही होतं. लसीच्या कार्डाचा फोटो फोनमध्ये असू द्या. पालकसभेची तारीख शिक्षकांकडून तुम्हीच घ्या. होडी घरी असेल त्या रात्री आजारी पोराजवळ तुम्हीच जागा. आणि पुढची लस हंगामात येत असेल, तर त्या दिवशी आपण येणार नाही असं नाखवाला आत्ताच सांगून ठेवा. नाखवा तुम्हीच असाल तर खलाशांना.